गाव मोजून घेतलंत, आता ते मोजमाप उघडं करा

प्रति,
कोयना खोऱ्याचं पाणी, जमीन, जंगल, पर्यटन आणि जुनी दप्तरं ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या राज्य शासनाच्या सर्व खात्यांचे प्रमुख आणि अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

काही महिन्यांपूर्वी आईचा एक अर्ज भरायला आम्ही सेवा केंद्रात गेलो होतो. आईचं वय 76. जन्मठिकाणाच्या रकान्यात राज्य, जिल्हा, तालुका असं एकेक निवडत जायचं होतं. महाराष्ट्र आलं, सातारा आलं, जावळी आलं. गावांची यादी उघडली तशी आई खुर्ची सोडून पडद्याजवळ आली. यादी दोनदा खालीवर झाली, पण गाव सापडेना. "नीट बघ बाळा, शेजारचं गाव दिसतंय, मग आमचं त्याच्या खालीच असंल," असं ती त्या मुलाला म्हणत राहिली. शेवटी तो म्हणाला, "मावशी, जवळचं कुठलंबी गाव टाकू, चालतं."

"चालतं कसं? मी तिथं जन्मले नाही," आई म्हणाली.

आम्ही शेजारचंच गाव टाकलं. दुसरा इलाज नव्हता. आईने सही केली. परतीच्या वाटेवर मात्र ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

हे पत्र मी त्या दिवसामुळे लिहिते आहे. खरं तर हे पत्र मी दहा वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. तेव्हा आजी होती, तिचा भाऊ होता आणि त्या दोघांना खोऱ्यातलं शेत अन् शेत पाठ होतं.

गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर हा एका घराण्याचा अर्ज ठरेल, एखाद्या टेबलावर जाईल आणि "संबंधित गावाबाबत" असं एक उत्तर येईल. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक गावाचं, प्रत्येक वाडीचं हेच म्हणणं आहे. ज्याने त्याने आपल्या गावाचं नाव मनात घालून हे वाचावं.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या दोन रांगांमधून दक्षिणेला वाहत येते. हेळवाकजवळ ती एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या वरच्या अंगाला धरण बांधलं. काम 1950 च्या दशकात सुरू झालं आणि 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात पुरं झालं. धरणाची उंची 103 मीटर, मूळ साठा 98.78 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पुढे वाढवून 105.25. मागे पन्नासएक किलोमीटर लांबीचा शिवसागर जलाशय पसरला. यातलं बरंचसं पाणी डोंगर फोडून काढलेल्या बोगद्यांतून कोकणात पोफळीकडे उतरतं, तिथे वीज होते आणि मग ते वाशिष्ठीने समुद्राला जातं. महाराष्ट्राच्या कारखानदारीला या विजेने उभं केलं. धरण नको होतं, असं मी म्हणत नाही. आमच्या घरातही कधी कोणी तसं म्हणालं नाही. माझे आजोबा गिरणीत साचेवाले होते. यंत्र विजेवर चालतं आणि यंत्रावर पोट चालतं, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

पण जे दिलं त्याची नोंद राहावी एवढी अपेक्षा त्यांची होती. माझीही तेवढीच आहे.

खोऱ्यातल्या बहुतेक घरांची तेव्हा एकच तऱ्हा होती. पुरुषमाणूस मुंबईला गिरणीत किंवा गोदीत, बाया आणि म्हातारीकोतारी गावाकडे. नदीकाठाला भातखाचरं, वर चढाला नाचणी आणि वरी, त्याच्याही वर गुरांची राखण आणि कारवीचं रान. 1961 च्या उन्हाळ्यात आमचं गाव उठलं. आई तेव्हा 12 वर्षांची होती. गावाचे तीन तुकडे झाले. थोडी घरं तशीच डोंगरावर सरकली, कारण देव आणि गुरं सोडून लांब जायला मन घेईना. काही घरांना आजच्या रायगड जिल्ह्यात जमीन दाखवली, ती तिकडे गेली. उरलेली मुंबईला असलेल्या माणसामागे निघाली, त्यात आम्ही. खोऱ्यातली इतर गावं ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशीही पांगली. जन्मभर पावसात भात लावलेल्या माणसाने सोलापूरच्या उन्हात कसं रुजायचं, याचा विचार कोणी केला होता की नाही, मला माहीत नाही. पुनर्वसनाचा पहिला कायदा राज्याने 1976 मध्ये केला. आमचं गाव उठलं तेव्हा हाताशी फक्त 1894 चा भूसंपादन कायदा होता. त्यात जमिनीची किंमत होती, उठणाऱ्या गावाच्या पुनर्वसनाची तरतूद नव्हती.

जे डोंगरावर सरकले त्यांनी नवी घरं बांधली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला आणि त्यांतली कितीतरी पडली. आजीची थोरली जाऊ त्या पहाटेबद्दल एकच वाक्य सांगायची: "पाण्यानं खालचं घर घेतलं, भुईनं वरचं."

माझ्याकडे एक वही आहे.

लालबागच्या चाळीत आमच्या गावची एक खोली होती. गावचे वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने तिथे झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि पगाराच्या दिवशी गावमंडळाची वर्गणी द्यायचे. त्या वर्गणीची लांबट, लाल कापडी बांधणीची वही आजोबांच्या ट्रंकेत होती. गिरण्या बंद पडल्या, खोली गेली, ट्रंक आमच्याकडे आली. मी ती वही पहिल्यांदा नीट वाचली ती आजोबा गेल्यावर. आधी रुपये, आणे, पै. मग एप्रिल 1957 पासून त्याच वळणदार अक्षरात नवे पैसे सुरू होतात. पहिले दोन महिने लिहिणाऱ्याचा हात सवयीने आणे लिहितो, खोडतो आणि वर पैसे घालतो. प्रत्येक नावापुढे आळी आहे, कोणाच्या नावापुढे लोहार, कोणाच्या पुढे परीट. कोणी वर्गणी दिली नाही तर "आजारी" किंवा "गावी गेला" असा शेरा आहे. आणि शेवटच्या लिहिलेल्या पानावर मथळा आहे, "देव वर नेण्याचा खर्च". नारळ 11, गुलाल, वाजंत्री, पालखीला नवी दांडी, हमाली. एकूण 47 रुपये 60 नये पैसे. खाली: "शिल्लक रु. 3.15 नव्या जागी देवळास." त्यापुढची सगळी पानं कोरी आहेत.

आमच्या गावाचा लिहिलेला इतिहास म्हणून आज आमच्या हातात एवढीच एक वही आहे. तुमच्याकडे मात्र याहून कितीतरी जास्त आहे, आणि हेच मला या पत्रात सांगायचं आहे.

आजी सांगायची की पाणी यायच्या काही वर्षं आधी मोजणीवाले आले. त्यांनी साखळी टाकून शेतं मोजली. खाचर कुठलं, जिरायत कुठलं, वरकस कुठलं ते लिहून घेतलं. घरं मोजली: किती खण, भिंत दगडाची की मातीची, वर कौल की गवताचा शाकार. विहिरी मोजल्या. झाडं मोजली, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा. आमच्या परसातल्या फणसावर त्यांनी गेरूने 14 चा आकडा घातला. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो आकडा तिने ओळखून ठेवला होता. मुंबईच्या बाजारात फणसाचे गरे घेताना ती हटकून म्हणायची, "आमच्या 14 नंबरचा गरा असला नव्हता."

विचार करा. त्या खोऱ्याला इतिहास काही कमी नाही. जावळीचे मोरे, 1656 ची शिवाजी महाराजांची मोहीम, वासोटा, हे शाळेतली पोरंसुद्धा जाणतात. पण त्या सगळ्या शतकांत गावचं प्रत्येक घर, प्रत्येक झाड, प्रत्येक विहीर कोणी टिपून ठेवली नव्हती. ती टिपली गेली ती एकदाच, गाव बुडवण्याआधी. कोणाची कोणती जमीन घेतली आणि भरपाई किती हे ठरवणारा भूसंपादनाचा निवाडा, त्याबरोबरचे मोजणीचे नकाशे, झाडांचे आणि घरांचे पंचनामे हे आमच्या गावाचं सर्वांत पूर्ण चित्र आहे. ज्या कागदांनी गाव संपवलं त्याच कागदांत गाव शाबूत आहे. ते कागद सरकारने केले, सरकारने ठेवले. म्हणून मी हे पत्र इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार नावाची. जमीन संपादन झाली की सातबारा बंद होतो, हे मला समजतं. पण त्याबरोबर गावाचं नावही मिटावं असं कुठल्या कायद्यात लिहिलं आहे? जनगणनेच्या 1951 च्या पुस्तिकेत आमचं गाव आहे, घरांच्या आणि माणसांच्या संख्येसकट. पुढच्या याद्यांमधून ते निघून गेलं. ठीक आहे, तिथे माणसं राहत नव्हती. पण "हे गाव होतं, या वर्षी पाण्याखाली गेलं, इथली माणसं अमुक ठिकाणी नेली" अशी एक ओळ, एक साधी यादी, माझ्यासारख्या माणसाला एका ठिकाणी कुठेही बघायला मिळत नाही. गावाचं राहू द्या, शेतांच्या नावांचं काय? आमच्यात प्रत्येक तुकड्याला नाव होतं. गोठणीची पट्टी, देवाचं खाचर, उंबराखालचं, आडवं शेत. त्यांतली सहा-सात नावं आईला आठवतात. बाकीची आजीबरोबर गेली. कोयनेच्या जलाशयात रोज किती पाणी आलं आणि किती सोडलं हे तुम्ही टीएमसीच्या दोन दशांशांपर्यंत सांगता. भूकंपाच्या अभ्यासासाठी याच भागात खडकात 3 किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं, आणि ते चांगलंच झालं, त्या अभ्यासाची गरज होती. जमिनीखाली 3 किलोमीटरवर काय आहे ते आपण शोधतो. पाण्याखाली काही मीटरवर काय होतं, ते मात्र विचारत नाही.

दुसरी तक्रार दप्तरांची. मी गेली चार वर्षं जमेल तेव्हा रजा काढून कागद शोधते आहे. या शोधाची पहिली अडचण अशी की तेव्हाचा जिल्हाच आज त्या नावाने नाही. 1949 ते 1960 या काळात साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे होते. दक्षिण सातारा म्हणजे आजचा सांगली. नुसतं 'सातारा' म्हणून शोधत बसणाऱ्याचे महिने फुकट जातात. माझे गेले. दुसरी अडचण अशी की खोऱ्यातली माणसं अनेक जिल्ह्यांत पांगली तसे कागदही पांगले. मोजणी एका ठिकाणी, निवाडा दुसरीकडे, जमीनवाटपाच्या याद्या माणसं जिथे नेली त्या जिल्ह्यात, शाळेचं जनरल रजिस्टर आणखी कुठे. प्रत्येक ठिकाणी "ते इथे नाही, तिकडे विचारा" हेच ऐकायला मिळतं, आणि सांगणाऱ्याला खरोखरच माहीत नसतं, म्हणून त्याच्यावर रागावताही येत नाही.

एका कार्यालयात मात्र एका वयस्कर लिपिकांनी माझ्यासाठी जिना चढून एक गठ्ठा खाली आणला. लाल फडक्यात बांधलेला. गाठ सुटेना म्हणून त्यांनी ती दाताने सोडवली. आत आमच्या शेजारच्या गावाचा निवाडा होता. पहिली चाळीसएक पानं वाचता येण्यासारखी, त्यापुढचा भाग ओलीने एकमेकांना चिकटून वडीसारखा झालेला. त्यांनी एक कोपरा नखाने अलगद उचलून पाहिला, तर कागदच सुटून आला. ते म्हणाले, "ताई, मी रिटायर होतोय मार्चला. माझ्यानंतर हे कुठे आहे ते सांगणाराही नाही." त्या गठ्ठ्याखाली आणखी तीन गठ्ठे होते. त्यांत आमचं गाव होतं का, मला कळलं नाही. बघण्याची परवानगी एकाच गठ्ठ्याची होती.

तिसरी तक्रार जास्त अवघड आहे, आणि ती सरकारइतकीच आमच्या स्वतःच्या गावकीकडेही बोट दाखवते. निवाड्यात नाव येतं ते खातेदाराचं. ज्याच्या नावावर जमीन, त्याचा इतिहास. पण गाव म्हणजे फक्त खातेदार नव्हेत. लोहार, सुतार, परीट, न्हावी यांचं बलुतं सगळ्या गावावर होतं. गाव फुटलं आणि ते कोणाचेच उरले नाहीत. वतनाच्या तुकड्यावर जगणारा महारवाडा होता. तीच वस्ती पुढे बौद्धवाडी झाली, आणि ती वतनंही 1958 च्या कायद्याने खालसा होण्याच्या त्याच काळात संपादन चाललं होतं. कसणारी कुळं होती. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 ला कसेल त्याची जमीन झाली, पण पाणी आधी आलं की नाव आधी लागलं, याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं आहे. वर रानात धनगरवाडे होते, नदीला कातकऱ्यांच्या झोपड्या होत्या. आणि बायका. खोऱ्यातली शेती बायकांनी केली आणि कागदावर मुंबईतल्या पुरुषांची नावं लागली. आमच्या वर्गणीच्या वहीतही एकाही बाईचं नाव नाही. मी शेवटपर्यंत शोधलं. म्हणून फक्त जुने कागद स्कॅन करून काम संपणार नाही. माणसांना विचारावं लागेल. आणि 1961 साली जी माणसं 20 वर्षांची होती ती आज 85 च्या घरात आहेत.

चौथी तक्रार ताजी आहे. 2023 च्या जूनमध्ये पाऊस लांबला आणि जलाशय खूप खाली गेला. आम्ही आईला घेऊन गेलो. एका ठिकाणी बोटीतून उतरून वाळलेल्या गाळावरून चालत गेलो. भेगाळलेला गाळ, शिंपले, मधूनच झाडांची काळी खोडं. आई काठी टेकत पुढे चालली होती. एका जागी थांबली आणि म्हणाली, "हे आमचं जोतं." मला चार दगड दिसत होते. तिने काठीने दाखवलं, "इथं पायरी, इथं उंबरा, इथं जातं." आणि जातं होतं. खालची तळी गाळात अर्धी रुतलेली, मधला खुंट्याचा भोसका मातीने भरलेला. आईने खाली बसून बोटाने ती माती उकरून काढली, भोसका मोकळा केला आणि मग कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

परत येताना धक्क्यावर एक फलक पाहिला. कोणाचा होता ते सांगत नाही. त्यावर लिहिलं होतं, "निर्मनुष्य खोऱ्याचं अस्पर्श सौंदर्य". आईने तो मोठ्याने वाचला आणि मला विचारलं, "निर्मनुष्य म्हंजे काय गं, कोण नव्हतंच असं?"

आता त्या काठांवर नवीन महाबळेश्वर हा पर्यटनाचा प्रकल्प येतो आहे. सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतली 235 गावं त्यात घेतली, पुढे आणखी गावं जोडून आकडा 529 वर नेला. पर्यटन येऊ नये असं मी म्हणणार नाही. डोंगरावर सरकलेल्या आमच्या भावकीतल्या पोरांना त्यातून रोजगार मिळणार असेल तर माझा विरोध कशाला असेल? पण गावांची ती यादी जिवंत गावांची आहे, असणारच. पाण्याखालच्या गावाची हरकत नोंदवायला कोणता गावकरी जाईल? उद्या काठाला रस्ता, धक्का, बंगले होतील. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जोती, देवळांचे चौथरे, स्मशानाच्या जागा, वीरगळ, हे सगळं भरावाखाली जाईल आणि करणाऱ्यांना ते कळणारही नाही, कारण त्यांच्या नकाशावर तिथे निळा रंग आहे.

मला ठाऊक आहे, कोणी म्हणेल की कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांचा जमिनीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, लोक त्यासाठी कोयनानगरला कितीतरी दिवस धरणं धरून बसले, आणि ही बाई इतिहास मागते आहे. पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढायचा, सरकारी नोकरीतल्या 5 टक्के समांतर आरक्षणात अर्ज करायचा, राहिलेली जमीन मागायची, तर पहिला प्रश्न हाच येतो: तुमच्या आजोबांचं नाव त्या यादीत होतं का? यादी दाखवायची कोणी? ज्याची जमीन गेली त्यानेच, ती गेल्याचा पुरावा ज्याने घेतली त्याच्या कपाटातून शोधून आणायचा, ही रीत कोणालाही न्यायाची वाटणार नाही.

आणि हे काम अवघड आहे असंही कृपा करून सांगू नका. 2023 नंतर कुणबी नोंदी शोधताना याच राज्यात तहसिलांपासून पुराभिलेखागारांपर्यंत जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणारे बसवले गेले, पानं स्कॅन होऊन संकेतस्थळांवर आली. त्या प्रश्नावर कोणाचं मत काय आहे, तो इथे विषय नाही. मनात आणलं तर काय होऊ शकतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं, एवढंच मला म्हणायचं आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कोयना जलाशयात पूर्ण किंवा अंशतः गेलेल्या सर्व गावांची आणि वाड्यांची अधिकृत यादी प्रसिद्ध करा. तेव्हाचा तालुका, संपादनाचं साल, घरांची संख्या, आणि माणसं कुठे नेली, हे त्यात असावं. ही यादी सरकारी अर्जांमधल्या जन्मगावाच्या रकान्यातही घाला, "बुडीत" असा शेरा मारून घाला, पण घाला.

भूसंपादनाचे निवाडे, मोजणीचे नकाशे, घरांचे आणि झाडांचे पंचनामे, जमीनवाटपाच्या याद्या, बुडीत गावांच्या शाळांची रजिस्टरं आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी एकत्र करून स्कॅन करा. आधी ओल लागलेले गठ्ठे घ्या, क्रमाने नंतर जा. त्यांच्या प्रती मेढा आणि पाटण इथे तर ठेवाच, शिवाय माणसं जिथे नेली त्या तालुक्यांतही ठेवा. बघायला पैसे घेऊ नका.

जुने नकाशे आजच्या जलाशयाच्या नकाशावर बसवा, म्हणजे कोणतं गाव कुठे आहे ते कळेल. प्रत्येक धक्क्यावर, तिथून दिसणाऱ्या पाण्याखाली कोणती गावं आहेत त्यांची नावं लिहा. "निर्मनुष्य" हा शब्द जिथे असेल तिथून काढा.

येत्या एका वर्षाच्या आत वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा. त्यासाठी बाहेरची संस्था नेमण्याआधी आमच्याच गावांतली शिकलेली मुलं-मुली घ्या, त्यांना बोली कळते. बलुतेदार, बौद्धवाडी, धनगर, कातकरी आणि सगळ्या समाजांतल्या बाया यांच्या मुलाखती आधी घ्या, कारण त्यांचं कागदावर काही नाही.

काठावर कोणतंही बांधकाम करण्याआधी, पाणी सर्वांत कमी असताना, उघड्या पडणाऱ्या अवशेषांची पाहणी आणि नोंद करा. देवळांच्या आणि स्मशानांच्या जागा भरावाखाली घालू नका.

ज्या गावांच्या जुन्या जागा आज अभयारण्यात आहेत, त्यांच्या कुटुंबांना वर्षातून एक दिवस आपल्या देवाच्या जागी विनाशुल्क जाऊ द्या. जंगलाचे नियम आम्ही पाळू. त्या रानात आमच्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या गुरं राखली आहेत.

यातली एकही मागणी पैशाची नाही. नुकसानभरपाई आजोबांनी घेतली, त्याची पावतीही आमच्याकडे आहे.

माझ्याकडून जे देता येईल ते मी देते. वर्गणीच्या वहीची सगळी 112 पानं मी स्कॅन केली आहेत. आईला आठवतात तेवढी शेतांची नावं तिच्याच आवाजात मुद्रित केली आहेत. जोत्याचे आणि जात्याचे फोटो, तिथे काढलेल्या अक्षांश-रेखांशांसह, तयार आहेत. रायगडच्या भावकीकडे जमीनवाटपाचा एक मूळ कागद आहे, तोही द्यायला ते तयार आहेत. हे सगळं कोणत्या कार्यालयात, कोणाच्या टेबलावर आणून द्यायचं, तेवढं कळवा. आईला बरोबर घेऊन येते.

आपली,
कोयनेतल्या एका बुडीत गावची नात